लिफ्टमध्ये मावतो म्हणून?

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. वय 39, वजन 82 किलो, काम खुर्चीत बसून. दोन वर्षांपूर्वी गोव्यात मोरजीला सुट्टीत मुलीच्या हट्टापायी सर्फिंगचे तीन क्लास केले आणि वेड लागलं. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आम्ही दोघं कोकणकन्या पकडतो. आजवर माझी वीसेक सेशन्स झाली असतील. मी अजून त्या शाळेच्या निळ्या 8 फुटी फोमच्या बोर्डवरच आहे. मुलगी तेरा वर्षांची, 45 किलोची. गेल्या ट्रिपला कोचने तिला साडेसहा फुटी बोर्ड दिला. तेव्हापासून माझ्या बोर्डला ती 'बाबांची बोट' म्हणते.

ऑफिसमधला एक मित्र त्याचा शॉर्टबोर्ड विकतोय. सहा फूट दोन इंच, 31 लिटर, जवळजवळ नवा, 16 हजार. ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला रमेश बुदिहाल यांनी आशियाई सर्फिंग स्पर्धेत ब्राँझ मिळवलं, त्याच्या क्लिप्स मी इतक्यांदा पाहिल्यात की झोपेतही टर्न मारतो. दुसरं म्हणजे आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आतून 7 फूट उंच आणि साडेचार फूट खोल आहे, मी टेप लावून पाहिलं. 8 फुटी उभा राहणार नाही, हा राहील.

मी लाटा पकडतो (कोच मागून जरा धक्का देतो, पण जराच), उभा राहतो (आधी एक गुडघा टेकतो, पण लगेच उठतो) आणि थेट वाळूपर्यंत जातो. आता लहान बोर्ड घ्यायला हरकत नाही ना? बायको म्हणाली, आधी ताईंना विचार.

— बोटवाला, ठाणे

*

बोटवाले, नमस्कार.

घेऊ नका.

एवढं लिहून मी थांबले असते, पण तुमच्या बायकोने माझ्यावर विश्वास टाकलाय, तेव्हा कारणं द्यायला हवीत. ती शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. तुमच्या पत्रात दोन कंस आहेत आणि सगळं उत्तर त्या दोन कंसांत आहे. त्यांच्याकडे येतेच. त्याआधी लेकीचं बघू, कारण खरं दुखणं तिथं आहे असा माझा संशय आहे.

बोर्डची लांबी डोळ्यांना दिसते म्हणून सगळे लांबीचं बोलतात. पाण्याला मात्र आधी दुसऱ्याच आकड्याशी काम असतं: हा बोर्ड किती पाणी बाजूला सारतो? तो आकडा लिटरमध्ये सांगतात. तुमच्या मित्राच्या बोर्डवर 31 लिहिलंय तो हाच. शाळेतला आर्किमिडीज आठवा. एक लिटर पाणी सारलं की साधारण एक किलो वजन तोललं जातं. समुद्राचं पाणी किंचित जड असतं, पण तो फरक तुमच्या-माझ्या एका भरपेट जेवणाएवढा आहे, सोडून द्या.

आता पाटी-पेन्सिल घ्या. शाळांमध्ये असतात ते 8 फुटी फोमचे बोर्ड 75 लिटरच्या आसपास भरतात. तुम्ही 82 किलोचे. म्हणजे किलोमागे 0.9 लिटर. लेकीचा साडेसहा फुटी, तोही फोमचाच असणार, धरू या 44 लिटर. ती 45 किलोची. म्हणजे किलोमागे जवळजवळ एक लिटर. हिशेबाने बघाल तर तुमच्यापेक्षा तिचीच बोट मोठी आहे. कोचने तिला पुढच्या वर्गात ढकललेलं नाही. तिच्या मापाची बोट दिलीय, एवढंच. रात्रीच्या जेवणाला हा हिशेब तिच्यासमोर मांडा. आणि मांडताना चेहरा शक्य तितका गंभीर ठेवा.

मित्राच्या बोर्डचं गणित बघा. 31 भागिले 82, किलोमागे 0.38. शिकणाऱ्याला एक लिटरच्या आसपास लागतं, न फुटलेल्या लाटा स्वतःच्या स्वतः घेता येऊ लागल्या की माणूस 0.6-0.7 पर्यंत उतरतो, आणि 0.4 च्या खाली जातात ती मंडळी वर्षानुवर्षं रोज सकाळी पाण्यात असणारी. हे आकडे काही कायद्याची कलमं नाहीत. फिट पंचविशीतला माणूस आणि खुर्चीत बसणारा चाळिशीतला माणूस यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. पण ती पट्टी सरकवायची झाली तर तुमच्या बाबतीत कोणत्या दिशेने सरकेल, ते मी सांगायला नको.

आता हा 31 लिटरचा बोर्ड पाण्यात तुमचं काय करेल? त्यावर आडवे व्हाल तेव्हा तो तुमच्या छातीसकट पाण्याखाली बसेल. हात मारायला लागाल तर निम्मा जोर पाणी पुढे ढकलण्यात जाईल. कमरेएवढी लाट फुटायला येते तेव्हा ती ताशी 12-13 किलोमीटरने धावत असते. आपण हौशी माणसं जीव तोडून पॅडल केलं, म्हणजे हात मारले, तरी त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचतो. उरलेला वेग लाटेच्या उताराने द्यायचा असतो. मोठा बोर्ड आधीच बऱ्यापैकी पळत असतो आणि पाण्यावर तरंगत असतो, त्याला थोडासा उतार पुरतो. लहान बोर्डला खडा उतार लागतो, आणि लाट खडी होते ती फुटण्याच्या अगदी आधी.

ठाणेकराला ठाणेकराच्या भाषेत सांगते. मोठा बोर्ड म्हणजे लोकल नुकती हलल्यावर दोन पावलं धावून चढणं. लहान बोर्ड म्हणजे प्लॅटफॉर्मचं टोक आलंय, गाडीने वेग घेतलाय आणि आता चढायचंय. (दोन्ही करू नका, रेल्वेचे नियम आहेत. पण आपल्या पिढीला मी काय म्हणतेय ते कळतं.) त्या टोकाला ज्याचा पाय अचूक पडतो तो चढतो. आधी गुडघा टेकवून मग उठू, असं तिथं म्हणता येत नाही.

तर आता तुमचा दुसरा कंस. 'आधी एक गुडघा टेकतो, पण लगेच उठतो.'

निळ्या बोर्डवर हे खपतं कारण तो साडेबावीस इंच रुंद आहे आणि लाटेने तुम्हाला लवकर उचललेलं असतं. गुडघा टेकला, वजन जरा मागे गेलं, बोर्ड जरा डावीकडे झुकला, त्याने ते सगळं पोटात घातलं आणि तुम्ही उभे राहिलात. एकोणीस-सव्वाएकोणीस इंची बोर्डवर गुडघा टेकला की ज्या बाजूला टेकला त्या बाजूची कड पाण्यात रुतते. बोर्ड तिथंच थबकतो, तुम्ही थबकत नाही. नाकात पाणी जाईपर्यंत काय झालं ते कळतही नाही. उभं राहणं पाऊण सेकंदात, एका हालचालीत व्हावं लागतं: तळवे छातीशी, ढकला, मागचा पाय आणि पुढचा पाय जवळपास एकदमच, नजर पुढे. तुमचं सध्या तीन टप्प्यांत होतंय. टप्पे तोडल्याशिवाय इंच तोडायचे नाहीत.

पहिल्या कंसाचं फार लांबवत नाही. कोचचा धक्का 'जरा'च असतो, मान्य. पण तो जरासा धक्का म्हणजेच ती लाट. कधी धक्का द्यायचा, कोणती लाट सोडायची, किती पुढे-मागे थांबायचं, हे सगळं तो पाण्यात उभा राहून तुमच्या वतीने ठरवत असतो. तुम्ही फक्त उठता. लाट वाचणं हे सर्फिंगमधलं निम्म्याहून जास्त काम आहे आणि ते अजून तुमच्या वाट्याला यायचंय.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितेय कारण माझ्या नेरुळच्या घरात, बेडरूमच्या कपाटामागे, एक सहा फुटी बोर्ड अडीच वर्षं उभा होता. मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. दुसऱ्या हिवाळ्यात गोवा सोडून चाललेल्या एका पोराकडून तो घेतला. पांढराशुभ्र, शेपटीकडे खालून तीन फिन्स (माशाच्या परांसारखी पाती), हातात धरला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. त्या मोसमात मी त्याच्यावर बारा सेशन्स केली आणि चार लाटा पकडल्या. मोजल्यात, कारण मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाकीचा सगळा वेळ पॅडल, दम, पाणी गिळणं, परत पॅडल. पुढच्या वर्षी मुकाट्याने भाड्याच्या 9 फुटीवर गेले तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं की आधी जे येत होतं तेही गेलंय. माझं उठणं बिघडलं होतं. बारा दिवस लाटेवर उठायची संधीच मिळाली नव्हती, तर सराव होणार कुठून? दरम्यान सासूबाईंनी त्या बोर्डचा एक उपयोग शोधला होता. दोन खुर्च्यांवर आडवा टाकून त्यावर कुरडया वाळत घातल्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात त्या मेणाचा वास लागला म्हणून नंतर त्यांनीच नापसंत केला. शेवटी बावन्न किलोच्या एका कॉलेजकुमाराने निम्म्या किमतीत नेला. त्याचं आणि त्या बोर्डचं छान जमलं म्हणे.

म्हणजे लहान बोर्ड वाईट असतो असं नाही. तो वर्षाला पंधरा दिवस समुद्र बघणाऱ्याला लवकर घेतला तर त्याचे ते पंधरा दिवस खातो. गोव्यातल्या, कर्नाटकातल्या मुळकीच्या, कोवलमच्या पोरांना चूक परवडते. आज जमलं नाही, उद्या सकाळी परत. आपण ठाण्या-नेरुळची माणसं. पाम बीच रोडवरून दिसणारं पाणी कितीही सुंदर असलं तरी त्यात लाट नाही, चिखल आणि फ्लेमिंगो आहेत. आपल्याकडे दरेक लाट तिकीट काढून, रजा टाकून मिळवलेली असते. ती मिळवून पकडायचीच नाही, हा कुठला हिशेब?

मग वेळ झाली हे कळायचं कसं? लोक लांबलचक याद्या देतात. मी स्वतः एक गोष्ट सगळ्यात आधी विचारते: अडतंय कोण, तुम्ही की बोर्ड? आज तुमचा बोर्ड नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात खुपसत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही उशिरा उठलात म्हणून. पण एक दिवस येईल की तुम्ही झटकन, गुडघा न टेकता उठलेले असाल, तिरपे निघालेले असाल, आणि तरी जरा खड्या लाटेवर त्या लांब सरळ बोर्डचं नाक पाण्यात जाईल, कारण लाटेची कमान आणि बोर्डची लांबी जुळत नाही. किंवा पुढे लाटेची भिंत उभी राहताना दिसेल, तुम्ही मागच्या पायावर वजन टाकून वळायला जाल आणि बोर्ड मालगाडीसारखा वळेपर्यंत लाट पुढे निघून गेलेली असेल. तो वैताग खरा. तो आला की समजा बोर्ड तुम्हाला अडवतोय.

तिरपं निघणं म्हणजे काय, हे तुमच्या एका वाक्यामुळे सांगावं लागतंय. 'थेट वाळूपर्यंत जातो' हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि पहिल्या दहा सेशन्समध्ये तो अभिमान रास्तच आहे. पण सरळ वाळूकडे जाणं म्हणजे लाट फुटल्यानंतरच्या फेसावर बसून येणं. खरी लाट आडवी उलगडते, डावीकडे किंवा उजवीकडे, आणि तिच्या न फुटलेल्या हिरव्या भिंतीवरून फेसाच्या पुढे पुढे राहत जायचं असतं. लहान बोर्ड त्या भिंतीसाठी बनलेला आहे. फेसावर त्याला काही कामच नाही. स्थिर उभे राहाल तर 31 लिटर तुम्हाला तोलणारच नाहीत, त्याला वेगच तोलतो, चालत्या सायकलसारखा. आणि वेग भिंतीवर मिळतो. तेव्हा दहा लाटांसाठी हात मारले, कोणाच्या धक्क्याशिवाय सहा-सात पकडल्या, त्यातल्या बहुतेक हिरव्या होत्या, आणि डावी-उजवी दोन्हीकडे जाता आलं, असं दोन ट्रिपा सलग झालं की मला पुन्हा लिहा. सहा-सात हा आकडा माझा आहे. दुसरा कोणी पाच म्हणेल, भांडू नका.

दमाचंही बघा. चाळीस मिनिटांनी तुम्ही वाळूवर येऊन शहाळं शोधत असाल तर लहान बोर्डवर पंचविसाव्या मिनिटालाच याल.

आता गोव्याच्या लाटेविषयी, कारण बुदिहाल यांच्या क्लिप्स बघताना ही गोष्ट सुटते. स्पर्धेतला सर्फर ज्या लाटेवर शॉर्टबोर्ड चालवतो, तिच्यात ताकद असते. पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग 2024 मध्ये ताहितीतल्या तेआहुपोला झालं, ती लाट तर अंगावर काटा आणते. आपल्या मोरजी-आश्वे-मांद्र्याला ऑक्टोबर ते एप्रिल जी लाट येते ती गुडघ्यापासून कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत, स्वभावाने मऊ. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर तिचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारा वारा सुटला की सगळं खडबडीत. भूगोलाच्या पुस्तकात दोन मार्कांना आलेले हे वारे पुढे कधी कामाला येतील असं कोणाला वाटलं होतं? असल्या मऊ लाटेवर मुरलेले सर्फरसुद्धा 'फिश' नावाचा रुंद, फुगीर बोर्ड नाहीतर चक्क लाँगबोर्ड काढतात. मोठ्या लाटा पावसाळ्यात येतात आणि जून ते सप्टेंबर आपल्यासारख्यांनी त्या छत्रीखालून बघायच्या.

आणि मोठ्या बोर्डची लाज वाटत असेल तर हे ऐका. जुन्या हवाईत सगळ्यात लांब बोर्डांना 'ओलो' म्हणत आणि ते अलिईंचे, म्हणजे राजेसरदारांचे. सामान्य माणसं आखूड 'अलाया'वर. 1966 ची जागतिक स्पर्धा सॅन दिएगोला झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने 9 फूट 4 इंची बोर्डवर जिंकली, आणि तेव्हा तो आखूड आणि पातळ म्हणून गाजला होता. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत बोर्ड भराभर आखडले, आणि आज सगळीकडे दिसतो तो तीन फिन्सचा प्रकार सायमन अँडरसनने आणला तो तर थेट 1980-81 ला. लेकीला सांगा, बाबांची बोट खानदानी आहे.

बरं, करायचं काय? तुम्हाला पुढे सरकायचंय हे मला कळतंय आणि वीस सेशन्सनंतर ते वाटायलाच हवं. पुढच्या ट्रिपला, दिवाळीनंतर जाणार असाल तर तेव्हा, पहिले दोन दिवस निळ्यावरच काढा, पण कोचला सांगा की धक्का नको, फक्त ओरडून सांग. बोर्डवर झोपताना दोन बोटं पुढे-मागे सरकून बघा. नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर राहतं ती जागा सापडली की पॅडलचा निम्मा त्रास जातो. लाट यायच्या आधीच नाक किंचित डावीकडे वळवून ठेवा, उजवीकडची लाट असेल तर उजवीकडे. आणि उभं राहिल्यावर मागचा पाय एक पाऊल मागे, फिन्सच्या वर नेऊन बघा. 8 फुटी बोर्डही वळतो, त्याला कोणी सांगत नाही म्हणून वळत नाही.

तिसऱ्या दिवशी साडेसात फुटी भाड्याने घ्या. बावीस इंच रुंद, 55-56 लिटरचा. तुमच्या वजनाला किलोमागे 0.68 होतो. 75 वरून 55 म्हणजेसुद्धा चांगली वीस लिटरची उडी आहे, कमी समजू नका. सकाळची पहिली चाळीस मिनिटं निळा, मग तोच समुद्र, त्याच लाटा, चाळीस मिनिटं साडेसात. दोन्हीकडच्या लाटा लेकीला वाळूवर बसून मोजायला लावा, ती तुम्हाला सवलत देणार नाही याची खात्री आहे. दुसऱ्यावर थोड्या कमी मिळतीलच. निम्म्याहून कमी मिळाल्या तर परत निळा, पुढच्या ट्रिपला पुन्हा बघू. थोड्याच कमी मिळाल्या आणि चौथ्या दिवशी भरून निघाल्या, तर तो तुमचा बोर्ड. तिथून पुढे सात, मग साडेसहा. दरेक पायरीला किमान एक अख्खा मोसम. गोव्याच्या मऊ लाटांचा कंटाळा आला तर दुपारी ठाण्याहून मत्स्यगंधा धरायची, सकाळी मुळकी. तिथले कोच मी तुमच्या उठण्यावर जेवढी बोलले त्याच्या दुप्पट बोलतील.

फोमवरून कडक बोर्डवर जाताना एक काळजी घ्या. फायबरच्या बोर्डची फिन लागली तर मांस कापते, माझ्या नडगीवर चार टाक्यांची खूण आहे. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डच्या लांबीएवढी हवी. आणि बोर्ड तुमच्या हुकमात नसेल तर लहान मुलं शिकत असतात त्या टापूत नेऊच नका.

घरी रोज पाच मिनिटं द्या. हॉलमध्ये चटई, तिच्या मधोमध खडूची एक रेघ. पालथे पडा, तळवे बरगड्यांशी, एका झटक्यात उभे. दोन्ही पावलं रेघेवर आडवी पडायला हवीत. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला यातलं निम्मं येतंच. भुजंगासनानंतर पर्वतासनातून पाय दोन हातांमध्ये आणता तशीच चाल, फक्त श्वास मोजत बसायचं नाही. गुडघा टेकला की ती खेप धरायची नाही. सलग वीस बिनगुडघ्याच्या होईपर्यंत थांबा, पहिल्या आठवड्यात सहा झाल्या तरी शाबासकी. खांद्यांसाठी पोहणं हवं. तलावांच्या शहरात राहता, पण तलावपाळीचं बोटिंग यात धरत नाही. तरणतलावात न थांबता 400 मीटर फ्रीस्टाइल जमायला हवं, त्यातलं थोडं डोकं वर ठेवून. पहिल्या दिवशी पन्नासला धाप लागेल. आम्हा सगळ्यांना लागली होती.

मित्राला नाही कसं म्हणायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण होणार हे दिसतंय. त्याला विचारा, 'जवळजवळ नवा' बोर्ड तू का विकतोयस? माझा अंदाज आहे की तोही कपाटामागे उभा होता. चहा प्या आणि पुढच्या ट्रिपला त्यालाच बरोबर घेऊन जा, निळ्या बोर्डवर.

राहता राहिली लिफ्ट. बोर्ड सरळ उभाच न्यायला हवा असं कोणी सांगितलं? आत 7 फूट उंच, साडेचार फूट खोल. सातचा वर्ग 49, साडेचारचा सव्वावीस, बेरीज सव्वाएकोणसत्तर, वर्गमूळ 8.3. तिरपा धरलात तर सव्वाआठ फुटांची जागा आहे तुमच्या लिफ्टमध्ये. आधी वरचं टोक मागच्या भिंतीकडे सरकवा, मग खालचं उंबऱ्याच्या आत ओढा. तुमचा निळा 8 फुटी त्याच्या जाडीमुळे आणि वरच्या पंख्यामुळे कदाचित कुरकुरेल, पण साडेसात फुटी आरामात चौदाव्या मजल्यावर पोचेल. फक्त सकाळी आठ ते दहाच्या मध्ये नेऊ नका, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडेल.